हिरवी भाजी वाट पाहत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. फरसबीच्या शेंगा पॅनमध्ये चमचाभर तेलावर टाकल्या, थोडं पाणी घालून झाकण ठेवलं, आठ मिनिटांनी गॅस बंद केला. तेव्हा त्या छान हिरव्या होत्या. जेवायला बसेपर्यंत मात्र रंग खाकी झाला आणि शेंगा दाताखाली लिबलिबीत लागल्या. चूक कुठे झाली, चिमूटभर सोडा घातला तर चालेल का, आणि पाहुणे येणार असतील तर हे तोंडीलावणं आधी करून ठेवता येतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलं आहे: ‘जेवायला बसेपर्यंत’. गॅसवरची आठ मिनिटं थोडी जास्त झाली हे खरं, पण शेंगांचा खरा घात त्यानंतर झाला. गॅस बंद केला की आपल्या मनात स्वयंपाक संपतो. झाकणाखालच्या शेंगेला त्याचा पत्ता नसतो. तिच्या आतलं तापमान अजून नव्वदीच्या घरात असतं, पॅनचं जाड बूड तापलेलं असतं, वर वाफ कोंडलेली असते. दहा मिनिटं अशी गेली की तुम्ही आठ नाही, अठरा मिनिटं शिजवलेली भाजी खाता.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. व्यावसायिक स्वयंपाकघरात उमेदवारी करत असताना एका मोठ्या मेजवानीच्या शेंगा माझ्याकडे होत्या. मी त्या अगदी नेटक्या शिजवल्या, चाखून बघितल्या, स्वतःवर खूश झालो आणि गरम राहाव्यात म्हणून खोल स्टीलच्या भांड्यात भरून झाकून ठेवल्या. भाषणं लांबली. चाळीस मिनिटांनी झाकण उघडलं तर वरचा थर बरा होता आणि खाली सगळा खाकी लगदा. मुख्य आचाऱ्यांनी एक शेंग उचलली, दोन बोटांत दाबली, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता भांडं बाजूला सरकवलं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रंगाचं काय होतं ते समजून घेतलं तर पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात, म्हणून जरा तिकडे वळतो. हिरवा रंग क्लोरोफिलचा. त्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. (रक्ताला लाल रंग देणाऱ्या हीम या रेणूत जवळपास तशाच कड्यात लोह असतं. वनस्पतींच्या या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी रिचर्ड विलस्टेटर यांना १९१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.) भाजीच्या पेशींमध्ये थोडं आम्ल असतंच, पण कच्च्या भाजीत ते आणि क्लोरोफिल वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. उष्णतेने कप्प्यांच्या भिंती फुटतात, आम्ल बाहेर येतं आणि मॅग्नेशियमला ढकलून त्याची जागा हायड्रोजन घेतो. उरतं ते फिओफायटिन, म्हणजे तुमचा खाकी रंग. ही क्रिया उलटत नाही. एकदा गेलेला हिरवा रंग परत आणता येत नाही, फक्त जायच्या आधी थांबता येतं.

आणि सुरुवातीला भाजी कच्चीपेक्षा जास्त हिरवी का दिसते? शेंगेच्या पेशींमध्ये हवेचे बारीक बुडबुडे असतात, त्यांनी रंग धूसर दिसतो. ताप लागला की ती हवा निघून जाते आणि आतला रंग स्वच्छ दिसू लागतो. पहिल्या मिनिटाभरातली ती झळाळी म्हणजे भाजी शिजल्याची खूण नव्हे. ती फक्त घड्याळ सुरू झाल्याची खूण आहे. तिथून साधारण पाच ते सात मिनिटं तुमच्या हातात असतात. त्यानंतर रंग उतरायला लागतो, आधी हळू, मग भराभर.

आता पद्धत. माझी रोजची पद्धत तुमच्यासारखीच आहे, फक्त पाणी आणि झाकण दोन्ही मोजून.

३०० ग्रॅम शेंगा घ्या. देठ खुडा, शिरा असतील तर ओढून काढा. टोकाची शेपटी कोवळी असेल तर राहू द्या. लांबी सारखी असावी असा लोकांचा आग्रह असतो. त्याने काही बिघडत नाही, पण शिजायचा वेळ ठरतो तो जाडीवर. जून, जाड शेंगा वेगळ्या काढून तिरक्या चिरा, बारीक शेंगा अख्ख्या ठेवा. २८ सेंटीमीटरच्या आसपासचा पसरट पॅन घ्या. खोल कढईत खालच्या शेंगा उकडतात आणि वरच्या कच्च्या राहतात. शेंगा एका थरात, फार तर दीड थरात मावल्या पाहिजेत. जास्त माणसं असतील तर दोन वेळा करा. एकाच पॅनमध्ये किलोभर भाजी रेटायची आणि मग ती परतली का जात नाही म्हणून हळहळायचं, हे मी फार पाहिलं आहे.

पॅनमध्ये शेंगा, एक मोठा चमचा तेल, अर्धा छोटा चमचा मीठ आणि ८० मिलिलिटर पाणी, म्हणजे साधारण पाऊण लहान वाटी. सगळं एकदम टाका, मोठ्या आचेवर ठेवा, उकळी फुटली की झाकण. इथून तीन मिनिटं. एवढंसं पाणी पुरतं का, असं वाटेल. पुरतं, कारण काम वाफ करते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला, तेच पाणी शून्य अंशापासून शंभरपर्यंत तापवायला लागते त्याच्या पाचपट उष्णता खर्ची पडते, आणि ती वाफ थंड शेंगेवर जाऊन बसली की तेवढीच उष्णता तिथे सोडते. म्हणून झाकणाखाली भाजी इतकी लवकर शिजते. म्हणूनच झाकण दर अर्ध्या मिनिटाला उचलून बघू नका. एकदा, दोन मिनिटांच्या सुमारास उघडा, शेंगा हलवा आणि पुन्हा झाका. त्या उघडण्याने भाजीतली उडून जाणारी आम्लंही थोडी बाहेर पडतात. नाहीतर ती झाकणाला लागून थेंबाथेंबाने पुन्हा भाजीवरच ठिबकतात.

तीन मिनिटांनी झाकण काढा आणि पुन्हा ठेवू नका. आता पॅनमध्ये थोडं पाणी आणि तेल उरलेलं असेल. आच मोठीच ठेवा. पाणी आटताना आवाज ऐका. आधी खळखळ असते, मग ती विरळ होते, आणि एका क्षणी चर्र असा कोरडा, बारीक आवाज सुरू होतो. तो आला की पाणी संपलं आणि तेल कामाला लागलं. पाणी असेपर्यंत पॅन शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि खमंगपणा ज्या क्रियेतून येतो ती नीट सुरू व्हायला १४० अंशांच्या आसपास जावं लागतं. भाजी उकडलेली लागते की परतलेली, हे या शेवटच्या मिनिटात ठरतं. बरेच जण चर्र व्हायच्या आधीच गॅस बंद करतात. मग भाजी शिजलेली असते, पण तिला चव नसते, आणि लोक मसाल्याला दोष देतात.

लसूण घालायचा असेल तर तो या चर्र आवाजानंतर. दोन पाकळ्या, पातळ काप. पॅनच्या मधोमध शेंगा बाजूला सारून जागा करा, तिथे अर्धा चमचा तेल आणि त्यावर लसूण. तीस-चाळीस सेकंदांत कडा फिकट सोनेरी होतात, लगेच शेंगांमध्ये मिसळा आणि पॅन खाली उतरवा. काप तपकिरी होईपर्यंत थांबलात तर तो ताटात जाईपर्यंत कडू झालेला असेल, कारण लसूणसुद्धा गॅस बंद झाल्यावर शिजत राहतो. ठेचलेला लसूण काप केलेल्यापेक्षा तिखट लागतो, कारण पेशी जितक्या जास्त फुटतात तितका त्यातला उग्र घटक जास्त तयार होतो. आणि तो लवकर जळतोही. मोठ्या आचेच्या या कामात मी काप घेतो.

शिजलं की नाही हे काट्याने टोचून कळत नाही. चावून बघा. साडेतीन-चार मिनिटांनंतर दर अर्ध्या मिनिटाला एक शेंग तोंडात टाका. कच्ची शेंग दातावर करकरते, आवाज करते आणि गवतासारखा वास येतो. ती करकर गेली पाहिजे. दाताला किंचित विरोध मात्र राहिला पाहिजे. इथे एक गोष्ट फक्त चवीची नाही: फरसबीत लेक्टिन नावाचं प्रथिन असतं, कच्च्या शेंगांनी पोट बिघडू शकतं. अर्धी कच्ची शेंग ‘कुरकुरीत’ म्हणून वाढायची फॅशन अधूनमधून येते, तिच्या नादी लागू नका. मधे गर शिजलेला आणि बाहेर ताठ, एवढं पुरे.

मला नेहमी दिसणारी चूक अशी: पाणी आटायला वेळ लागला की लोक घाबरून झाकण पुन्हा ठेवतात. उलट करा. पाणी जास्त झालं असेल तर चक्क ओतून टाका. आणि पाणी आधीच संपून शेंगा अजून करकरत असतील तर दोन चमचे पाणी शिंपडा, वाफ येईल, मिनिटभर थांबा. पाण्याचं हे मोजमाप पहिल्या दोन-तीन वेळा तुमच्या शेगडीप्रमाणे जुळवून घ्यावं लागतं. इंडक्शनवर पाणी झटकन आटतं, तिथे शंभर मिलिलिटर घ्या.

इलेक्ट्रिक कॉइलची शेगडी असेल तर आणखी एक सांगतो. बटण बंद केलं तरी कॉइल बराच वेळ तापलेली राहते. पॅन तिच्यावरच ठेवून तुम्ही ताटं मांडायला गेलात तर ते गॅस चालू ठेवून जाण्यासारखंच आहे. पॅन उचलून बाजूला ठेवा. बिडाच्या जाड पॅनमध्ये तेवढंही पुरत नाही, भाजीच बाहेर काढावी लागते. कशात काढायची? पसरट, उघड्या थाळीत. खोल वाडग्यात रचलेली भाजी स्वतःच्याच वाफेवर शिजत राहते. माझ्या त्या मेजवानीच्या शेंगांचं तेच झालं.

आणि म्हणून हे तोंडीलावणं सगळ्यात शेवटी करायचं. बाकी सगळं तयार असू दे, माणसं हात धुऊन बसू देत, मग पॅन गॅसवर. शेंगा आधी निवडून, चिरून, मीठ-तेल-पाणी हाताशी ठेवलं असेल तर सहा-सात मिनिटांत ताटात येतात. जेवणाऱ्यांनी भाजीसाठी दोन मिनिटं थांबलं तर काही बिघडत नाही. भाजी जेवणाऱ्यांसाठी थांबली की बिघडते.

लिंबाचं बघा. रंग टिकवायच्या धडपडीत शेवटी पॅनमध्ये लिंबू पिळणारे पुष्कळ असतात. वर सांगितलेलं आम्लाचं गणित आठवा: गरम भाजीवर लिंबू, व्हिनेगर किंवा टोमॅटो पडला की काही मिनिटांत रंग उतरतो. आंबटपणा हवाच असतो, हिरव्या भाजीला तो छान उठाव देतो. तर लिंबाची फोड ताटात द्या, ज्याने त्याने खाताना पिळावी. वास हवा असेल तर लिंबाची वरची पिवळी साल किसून पॅनमध्ये टाका. वास सालीच्या तेलात असतो, आंबटपणा रसात. पांढरा भाग किसू नका, तो कडू.

लोणी आवडत असेल तर सुरुवातीला तेलच घ्या आणि गॅस बंद केल्यावर दहा ग्रॅम लोणी टाकून पॅन हलवा. मोठ्या आचेवर लोण्यातला दुधाचा अंश जळतो. शेवटी घातलं की ते शेंगांना तुकतुकीत चिकटतं.

आता सोडा. चालतो का म्हणाल तर रंगापुरता चालतो, आणि अगदी झकास चालतो. सोडा आम्ल मारतो, त्यामुळे मॅग्नेशियम जागेवर राहतं आणि शेंगा डोळ्यांत भरतील अशा हिरव्या होतात. पण पेशींना एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन आम्लात टिकतं आणि सोड्यासारख्या अल्कलीत भराभर विरघळतं. म्हणजे रंग राहतो आणि शेंग बाहेरून बुळबुळीत होते. क जीवनसत्त्व आणि बी-१ही जास्त जातं, आणि जिभेवर साबणासारखी किंचित चव उरते. तुमची अर्धी तक्रारच लिबलिबीतपणाची आहे. तिला सोडा हा उपाय नाही, तो ती तक्रार वाढवेल. जुन्या काळी यावर आणखी एक युक्ती होती, भाजीच्या पाण्यात तांब्याचं नाणं टाकायची. तांबं मॅग्नेशियमच्या जागी जाऊन बसतं आणि रंग पक्का करतं, इतका पक्का की तो हलतच नाही. पण पोटात जाणारं ते तांबं विषारी ठरू शकतं. कुणी सांगितलं तरी करू नका.

दुसऱ्या भाज्यांना हाच नियम, पण वेळ वेगळा. ब्रोकोलीचे तुरे शेंगांसारखेच करा, फक्त झाकणाखाली दोन ते अडीच मिनिटं. देठ फेकू नका: जाड साल सोलून आतला गर बोटाएवढा चिरा आणि तुऱ्यांच्या मिनिटभर आधी टाका. मला विचाराल तर ब्रोकोलीतला सगळ्यात चवदार भाग तोच. ब्रोकोली आणि कोबीच्या कुळातल्या भाज्यांना उशिराची शिक्षा दुहेरी मिळते, कारण पाच-सात मिनिटांनंतर रंगाबरोबर गंधकाचा तो उग्र वासही वाढत जातो. घरभर कोबीचा वास पसरला असेल तर भाजी वेळेवर उतरलेली नाही, एवढं नक्की.

गोठवलेले मटार तर जवळजवळ शिजलेलेच असतात, गोठवण्याआधी त्यांना उकळत्या पाण्याचा किंवा वाफेचा चटका दिलेला असतो. ते वितळवून ठेवू नका, थेट पॅनमध्ये टाका, दोन चमचे पाणी, दोन मिनिटं, झालं.

पालकाचं तंत्र मात्र उलटं आहे. त्याला झाकण नको, पाणी नको, तेलही थोडंच. त्याच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, वर धुतल्यावर पानांना लागलेलं पाणी. मोठा पॅन कडक तापवा, पानं मूठमूठभर टाका, चिमट्याने उलटत राहा. एक मूठ बसली की दुसरी. मिनिट-दीड मिनिटात सगळं बसतं. पानं पूर्ण मऊ दिसायच्या जरा आधीच उतरवा, उरलेलं काम त्यांच्यातली उष्णता करते. मीठ उतरवल्यावर घाला. कच्च्या पानांचा ढीग बघून घातलेलं मीठ नेहमी जास्त होतं, कारण अर्धा किलो पालक शेवटी वाटी-दीड वाटी उरतो. पॅनमध्ये पाणी साठलं तर पॅन तिरपा करून ओतून द्या. दातांवर खडूसारखं काही बसल्यासारखं वाटत असेल तर ते ऑक्झॅलिक आम्लाचं काम आहे. त्यासाठी आधी उकळत्या पाण्यातून अर्धं मिनिट पानं काढा, पिळा, मग परता. थोडं आम्ल त्या पाण्याबरोबर जातं.

राहिला तिसरा प्रश्न, पाहुण्यांचा. आधी करून ठेवता येतं, पण पूर्ण करून नाही. अर्धं करून, थंड करून. मोठ्या पातेल्यात तीन-चार लिटर पाणी, दर लिटरला दहा-पंधरा ग्रॅम मीठ, खळखळून उकळी. इथे झाकण नको आणि पाण्याची कंजुषी नको: भरपूर पाण्यात भाजीतलं आम्ल विरून जातं, आणि थंड शेंगा पडल्यावर उकळीही लवकर परत येते. शेंगा तीन ते साडेतीन मिनिटं, चावून बघून काढा. बाजूला बर्फ घातलेलं पाणी तयार हवं. बर्फ शोधायला नंतर धावलात तर सगळं फुकट. चाळणीतून निथळून थेट त्यात, आणि पूर्ण गार होईपर्यंत ठेवा, पण तासभर बुडवून ठेवू नका, चव पाण्यात जाते. मग कापडावर पसरून कोरड्या करा. ही पायरी सगळे टाळतात. ओल्या शेंगा पॅनमध्ये टाकल्या की पुन्हा उकडणं सुरू होतं आणि तोवर मिळवलेलं सगळं जातं.

कोरड्या शेंगा डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवसापर्यंत उत्तम राहतात. पाहुणे बसले की पॅन चांगला तापवा, तेल, शेंगा, मोठी आच, दीड-दोन मिनिटं परतणं, शेवटी लसूण. झाकण कपाटातच राहू द्या. आधीच मिठाच्या पाण्यातून आलेल्या असल्यामुळे मीठ चाखून घाला. आणि कोरड्या करायला कापड जुनं घ्या, हिरवे डाग सहज जात नाहीत.